कपाटाच्या बदल्यात सायकली

प्रश्न : नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी मी सायकली दुरुस्त करतो. आमच्या मजल्यावर एक सुतारकाका राहतात, वयाने माझ्या वडिलांएवढे. आठ महिन्यांपूर्वी आमचं ठरलं की त्यांच्या घरातल्या सायकली मी वर्षभर बघायच्या आणि त्यांनी मला पुस्तकांचं कपाट करून द्यायचं. पैसे कुणीच द्यायचे नाहीत. तेव्हापासून मी चारही सायकलींचं एकेकदा फुल सर्व्हिसिंग केलं, चार पंक्चरं काढली, तीनदा ब्रेक लावून दिले. दोन चेन आणि तीन टायर माझ्या खिशातून गेले. मध्येच नातवाला पाचवी, गिअरची सायकल आली. तिची केबल दोनदा बदलली. कपाटासाठी काका एकदा माप घेऊन गेले, पुढे काही नाही. परवा म्हणाले, "प्लायवुड महाग झालंय रे, बघू." मागायला संकोच वाटतो आणि न मागता राग येतो. शिवाय इमारतीतले बाराजण मिळून असाच देवाणघेवाणीचा गट काढायचं म्हणताहेत. मी त्यात पडावं का?
– हातात पान्हा, भिंत रिकामी

उत्तर : काका तुम्हाला फसवताहेत असं तुमच्या पत्रावरून दिसत नाही. दोघांनी शब्द दिला आणि माप दिलं नाही, एवढंच दिसतं. 'सायकली बघायच्या' यात किती सायकली, किती वेळा आणि चेन कुणाच्या पैशाची, यातलं काहीच येत नाही. 'पुस्तकांचं कपाट' म्हणजे तरी काय? उघडी मांडणी, की दारं, कुलूप आणि खाली ड्रॉवर? दारं आली की सुताराचं काम जवळपास दुप्पट होतं. काकांनी कोणतं कपाट कबूल केलंय, हे आजही तुम्हा दोघांपैकी कुणाला नक्की सांगता येणार नाही.

त्यात एक बाजू 'वर्षभर' आणि दुसरी 'एक नग'. अशा सौद्यात नग देणारा कधीही देऊ शकतो आणि वर्ष देणाऱ्याला पहिल्या दिवसापासून देत राहावं लागतं. त्यामुळे तुम्ही आपोआप सावकार झालात, तोही बिनव्याजी.

आता आकडे मांडू. हबचं बेअरिंग उघडून ग्रीस भरणं, चेन आणि फ्रीव्हील धुणं, रिम सरळ करणं, ब्रेक लावणं हे सगळं धरून फुल सर्व्हिसिंगला साधारण ३ तास जातात. चार सायकलींचे १२ तास. पंक्चरला २५ मिनिटं धरली तर चारांची १००. ब्रेकला २०, तीनदाचे ६०. केबलला पाऊण तास, दोनदाचा दीड. चेन-टायर चढवायला नगाला पाव तास, पाचांचा सव्वा. बेरीज १७ तास २५ मिनिटं, साडेसतरा म्हणू.

पत्र वाचताना हेच काम पन्नास तासांचं वाटत होतं. आपण दिलेलं काम तासांनी लक्षात राहत नाही, दारात आलेल्या हाकांनी राहतं, आणि हाका तुम्हाला पंधरा-एक तरी आल्या असतील.

काकांची बाजू बघा. सहा फुटी उघडी मांडणी, प्लायवुडची, वर सनमायका. माप आणि आखणी १ तास, कटिंग ३, कडांच्या पट्ट्या ४, सनमायका चिकटवणं आणि घासणं ५, जोडणी ४, पट्ट्यांचं पॉलिश ३, घरी आणून भिंतीला बसवणं २. एकट्या माणसाचे २२ तास. म्हणजे तासाला तास धरला, तर कपाट मिळाल्यावर काकांचेच तुमच्याकडे साडेचार तास येणं निघतं. उरलेल्या चार महिन्यांत दीड सर्व्हिसिंग केलं की फिटलं. सौदा वाईट नव्हता, मोजलेला नव्हता.

तासाला तास धरायचा का, हा मात्र खरा वादाचा मुद्दा आहे. अनोळखी गिऱ्हाइकाकडून तुम्ही तासाचे किती घेता आणि काका किती घेतात? समजा काकांचा दर तुमच्या दीडपट आहे, म्हणजे ते ३ तर तुम्ही २. मग त्यांचे २२ तास म्हणजे ६६, तुमचे साडेसतरा म्हणजे ३५. फरक ३१, म्हणजे तुमचे आणखी साडेपंधरा तास, पाच सर्व्हिसिंगपेक्षा जास्त. एकाच कामाचे हे दोन हिशेब आहेत आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. दोघांकडेही रोख देणारी गिऱ्हाइकं असतील तर दराचा हिशेब जास्त खरा, कारण प्रत्येकजण तेवढे पैसे सोडून हे काम करत असतो. पण तुमचं तसं सुरुवातीला ठरलेलं नाही. तेव्हा प्रस्ताव तासाला तासाचा ठेवा, आणि काकांनी दराचा विषय काढला तर दुसरा आकडा तयार असू द्या. त्या वेळी चेहरा पाडू नका. त्यांचं म्हणणं गैर नाही. दर धरताना एक सांभाळायचं : प्रत्यक्षात गिऱ्हाईक देतं तो आकडा घ्यायचा, पाटीवरचा नाही. अदलाबदलीत दोघंही आपापला भाव फुगवतात आणि मग दोघांनाही आपण घाट्यात आहोत असं वाटतं.

सामानाची गोष्ट वेगळी आणि सोपी आहे. काम संपल्यावर जी वस्तू ज्याच्या घरात राहते, तिचे पैसे त्याने रोख द्यायचे. कामात जे संपून जातं ते काम करणाऱ्याचं. दोन्ही बाजूंना हाच नियम. म्हणून चेन, टायर, केबल काकांच्या खर्चातली. ग्रीस, तेल, चिंध्या तुमच्या. प्लायवुड, सनमायका, स्क्रू तुमच्या खर्चातले; पॉलिशपेपर, फेव्हिकॉल, ब्लेडची झीज काकांची. सामानाची बरोबरी मजुरीशी करायची नाही, कारण मजुरी पुढे ढकलता येते, दुकानदार मात्र त्याच दिवशी पैसे मागतो. अशा सौद्यांत भांडण सामानावरून होतं, मजुरीवरून क्वचितच.

आता परवाचं वाक्य परत वाचा : "प्लायवुड महाग झालंय रे, बघू." काका नाही म्हणालेले नाहीत. प्लायवुड कुणी आणायचं हे न ठरल्यामुळे काम अडलंय, एवढंच ते आडून सांगताहेत. या नियमाने ते तुम्हीच आणायचं आहे. आणि तुमच्या टायर-चेनच्या पावत्या काकांकडून वसूल व्हायच्या आहेत. एखादी पावती हरवली असेल तर तेवढी सोडून द्या.

प्लायवुड आणण्याआधी माप मात्र पक्कं करा, कारण इथेच पैसे वाया जातात. सहा बाय तीन फुटी, एक फूट खोल कपाटाला दोन बाजू आणि वर-खाली धरून सहा आडव्या फळ्या लागतात. क्षेत्रफळ काढलं तर १२ आणि १८ मिळून ३० चौरस फूट. आठ बाय चारचा एक तक्ता ३२ चौरस फुटांचा. भागेल असं वाटतं, पण भागत नाही. तक्त्याच्या आठ फुटी चार पट्ट्या निघतात. दोन पट्ट्यांतून सहा-सहा फुटांच्या बाजू काढल्या की उरलेल्या दोन पट्ट्यांतून तीन फुटी फळ्या चारच मिळतात, आणि दोन-दोन फुटांचे चार तुकडे नुसते पडून राहतात. दोन फळ्यांसाठी दुसरा तक्ता घ्यावा लागतो. फळी तीन फुटांऐवजी अडीच फुटी ठेवा : एका पट्टीत तीन बसतात, दोन पट्ट्यांत सहा, आणि काम एका तक्त्यात आटपतं. करवतीच्या फटीमुळे खोली बारा इंचांना थोडी कमी भरेल, पुस्तकांना पुरते. १८-१९ मिलिमीटरची फळी तीन फुटांवर पुस्तकांच्या वजनाने हळूहळू झोळ खाते, अडीच फुटांवर बरीच कमी. मागची पातळ प्लाय वेगळी धरा. हे सगळं काकांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे, म्हणून शिकवायला जाऊ नका, "एका तक्त्यात बसेल असं माप काढता येईल का?" एवढंच विचारा. मापाचं बोलणं सुरू झालं की कपाटाचं काम सुरू झाल्यासारखंच असतं.

बोलायला त्यांच्या कामाच्या जागी जा, फोनवर नको, आणि घरातल्या माणसांसमोर तर नकोच. हिशेबाचा कागद सोबत असू द्या. साधारण असं म्हणा :

"काका, कपाटाचं एकदा कागदावर घेऊ या. प्लायवुड माझ्या घरात राहणार, तेव्हा ते मी आणतो; तुम्ही माप आणि प्रकार लिहून द्या. चेन आणि टायर तुमच्याकडे गेलेत, त्याच्या या पावत्या. आतापर्यंत माझे साडेसतरा तास झाले. कपाटाला तुमचे किती लागतील ते तुम्हीच सांगा, म्हणजे माझ्याकडे किती काम उरतं ते ठरेल."

यात 'आठ महिने' हा शब्द कुठेही नाही, आणि तो येऊ देऊ नका. काकांचे तास काकांनाच सांगू द्या. तुम्ही मनात २२ धरलेत आणि ते ४० म्हणाले, तर कशाचे ४० ते विचारा. बहुधा दारं किंवा ड्रॉवर निघतील. ते काढून टाका. तास कमी करा असं म्हणू नका, कपाट लहान करा. कारागिराशी तासांवरून घासाघीस केली की ती त्याच्या हाताची किंमत केल्यासारखी होते.

मग उशिराचा प्रश्न. रोख देणारं गिऱ्हाईक आलं की बिनपैशाचं काम मागे सरतं. हे प्रत्येक कारागिराकडे होतं, तुमच्याकडेही उद्या होईल. 'लवकर करा' या सांगण्याचा उपयोग नसतो. काम तीन टप्प्यांत तोडा : कटिंग, जोडणी-सनमायका, शेवटचं फिटिंग. प्रत्येकाला काकांनी स्वतः वार सांगायचा, तोही अर्ध्या दिवसाच्या हिशेबाने, कारण सुताराला मोकळा अर्धा दिवस सापडतो, सलग तीन दिवस सापडत नाहीत. तुमचं उरलेलं सर्व्हिसिंग टप्प्यांना बांधा : जोडणी झाली की एक सायकल, कपाट भिंतीला लागलं की बाकीचं. तोवर पंक्चर आलं तर काढून द्या. पंक्चरसाठी पोराला परत पाठवलंत तर पंचवीस मिनिटं वाचतील आणि बोलणं बंद होईल.

दोन वार ठरून हुकले, तर कपाटाचा नाद सोडा आणि तास छोट्या कामांत वळवा : घासणारा दरवाजा, सैल बिजागऱ्या, एखादा स्टूल. दोन-दोन तासांची कामं काका येता-जाता करतील. हे हरल्यासारखं वाटतं, पण नऊ छोटी कामं म्हणजे तुमचे साडेसतरा तास भरून निघाले.

गटाबद्दल. तुमच्यासारख्या कौशल्याच्या माणसाने गटात पडावं, पण काही अटींवर. दोघांच्या अदलाबदलीतली जुनी अडचण इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८७५ मध्ये मांडून ठेवली आहे : माझ्याकडे जे आहे ते तुला हवं असलं पाहिजे आणि त्याच वेळी तुझ्याकडे जे आहे ते मला हवं असलं पाहिजे. बारा जणांत ६६ जोड्या होतात, पण असा दुहेरी मेळ त्यातल्या थोड्याच जोड्यांत बसतो. गटाचा फायदा इथे आहे : तुम्ही 'क'ची सायकल करा, 'क'ने 'ख'च्या मुलीला गणित शिकवावं, 'ख'ने तुमचे पडदे शिवावेत.

त्यासाठी कूपनं छापू नका. वॉशिंग्टनमध्ये १९७० च्या दशकात सुमारे दीडशे जोडप्यांचा एकमेकांची मुलं सांभाळण्याचा गट होता. अर्ध्या तासाला एक कूपन. प्रत्येकजण अडीअडचणीला म्हणून कूपनं साठवू लागला. त्यामुळे कुणी बाहेर पडेना, आणि कुणी बाहेर पडेना म्हणून दुसऱ्याला कूपन कमावता येईना. जास्त कूपनं वाटल्यावर गाडी चालली, मग काही काळाने कूपनंच जास्त झाली. अर्जेंटिनात १९९५ मध्ये ब्युनोस आयर्सजवळ बेर्नाल इथे सुरू झालेले अदलाबदलीचे क्लब आर्थिक संकटात देशभर पसरले, आणि २००२ मध्ये बनावट कागदी चिठ्ठ्यांचा सुळसुळाट हे त्यांच्या पडझडीचं एक मोठं कारण ठरलं.

वही बरी. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या कोमॉक्स खोऱ्यात मायकेल लिंटन यांनी १९८३ मध्ये चालवलेली पद्धत हीच : हातात काहीच द्यायचं नाही, फक्त जमा-नावे. तुमच्या वहीत काम करणाऱ्याच्या खात्यावर दोन तास जमा, करून घेणाऱ्याच्या खात्यावर दोन तास नावे. सुरुवात सगळ्यांची शून्याने. बारा खात्यांची बेरीज कधीही शून्यच आली पाहिजे. आली नाही तर कुठलीतरी नोंद एकाच बाजूला झाली आहे. नोंद काम करणाऱ्याने करायची नाही, ज्याचं काम झालं त्याने स्वतःच्या हाताने करायची. एवढ्याने निम्मे वाद मिटतात.

गटात दर काढत बसू नका, तासाला तासच ठेवा. जपानमध्ये तेरुको मिझुशिमा यांनी १९७३ मध्ये आणि अमेरिकेत एडगर कान यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेल्या अशाच देवाणघेवाणीच्या गटांतही मोजमाप तासाचंच होतं. ज्याला हे पटत नाही त्याने गटात मोठं काम देऊ नये, फुरसतीतलं द्यावं. सुतारकाका गटात आले तर त्यांनाही हेच सांगा.

सुरू करण्याआधी प्रत्येकाकडून दोन याद्या घ्या : काय करून देऊ शकतो आणि काय करून हवंय. त्या शेजारी-शेजारी लावा. प्रत्येकाची निदान दोन कामं दुसऱ्या कुणाच्यातरी 'हवंय'मध्ये सापडली पाहिजेत. चौघंजण 'इंग्रजी शिकवतो' म्हणणारे आणि शिकणारा एकच, असं निघालं तर गट काढू नका. दोन महिन्यांत तीन लोक राबतील आणि नऊ लोक आभार मानतील.

राबणाऱ्या तिघांत तुम्ही असाल, म्हणून मर्यादा दोन्ही बाजूंनी घाला : १० तासांपेक्षा जास्त कुणी नावे जायचं नाही आणि १० तासांपेक्षा जास्त कुणी जमा करायचं नाही. पहिली अट सगळ्यांना सुचते, दुसरी कुणाला सुचत नाही. तुमचे १० झाले की तुम्ही आधी कुणाकडून तरी काम करून घ्यायचं, तोवर पान्हा खाली. तीन महिन्यांनी वही बंद करून शिल्लक शून्यावर आणा. मध्येच घर सोडून जाणाऱ्याचे तास नावे असतील तर ते रोखीत फेडायचे की गटाने सोडायचे, आणि फेडायचे तर तासाला किती, हे पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा. त्या दिवशी कुणीच कुणाचं देणं लागत नसतं, म्हणून ते ठरवणं सोपं जातं. झालेलं काम बिघडलं तर महिन्याच्या आत ते पुन्हा फुकट करायचं, तास लावायचे नाहीत, हेही त्याच पानावर. जुन्या वस्तूंची अदलाबदल या वहीत आणू नका. ती समोरासमोर, चालवून बघून, हातोहात करावी.

पैसे नाहीत म्हणजे कर नाही, असं गटातलं कुणीतरी नक्की म्हणेल. ते खरं नाही. भारतात २०१७ च्या केंद्रीय जीएसटी कायद्यात पुरवठ्याच्या व्याख्येतच अदलाबदलीचा उल्लेख आहे, आणि अमेरिकेत अदलाबदलीतून मिळालेल्या गोष्टीचं बाजारमूल्य उत्पन्नात धरतात. शेजाऱ्याच्या पंक्चरची चिंता नको. पण जो आपल्या नोंदणीकृत धंद्याचंच काम अदलाबदलीत देतो, त्याने बिलावर बाजारभाव लिहावा आणि आपल्या हिशेबनिसाला सांगावं.

ता. क. : नातवाच्या सायकलची एकच केबल थोड्या दिवसांत दोनदा गेली असेल, तर दोष केबलमध्ये नसावा. बाहेरची नळी मुडपलेली किंवा आतून गंजलेली असते आणि ती नवी तारही खाते. नळी आणि तार एकदम बदला; दोन्हींचे पैसे काकांचे. आणि दुसऱ्या खेपेचा पाऊण तास कागद काकांपुढे ठेवण्याआधी तुमच्या साडेसतरातून तुम्हीच वजा करा.